शेपूट वर

“शिट्टी मारतंय मेलं,” मावशी पुटपुटली. “जन्मभर मी यंत्रांना शिट्ट्या मारायला लावल्या. आता म्हातारपणी हे मला वाजवतंय.”

मी तिच्या कानात ते शेंगदाण्याएवढं यंत्र बसवत होते. नीट बसलं नाही की ते किंचाळायचं, आणि नीट बसलं की मावशी किंचाळायची. शेवटी दोघंही गप्प झाली. मावशीने मान तिरकी करून स्वयंपाकघराचा कानोसा घेतला.

“नळ ठिबकतोय.”

“हो.”

“तीन थेंब आणि मग एक चुकवतो. वायसर गेलाय.” ती खूश झाली. लगेच पुन्हा चेहरा पडला. “ऐकू येतंय गं ढमे. ऐकू येणं वेगळं आणि ओळखू येणं वेगळं.”

ढमी म्हणजे मी. वय सत्तावन्न. मावशीचं एकोणऐंशी. माझी आई गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो, आणि एकमेकींवर खेकसायला तिसरं माणूस नाही म्हणून बरं चाललंय.

गेले चारपाच महिने तिचं बिनसलं होतं. दाराची घंटा वाजली की फोन उचलायची. एकदा मी मागून हाक मारली तर “कोण आहे?” म्हणून दचकली. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कागदावर डोंगर उतरतो तशी रेघ काढून दाखवली आणि म्हणाले, कान तर आहेतच, पण वरच्या मजल्यावरही एकदा बघायला हवं. सहज म्हणाले. डॉक्टर लोक सहज म्हणतात आणि आपण ते जिन्याने घरी घेऊन येतो. त्या दिवसापासून मावशी वरच्या मजल्याचा ध्यास घेऊन बसली होती.

“आज कळेल,” ती आरशात बघत म्हणाली. “माझी मुंगी मला ओळखू आली, तर फक्त कान गेलेत. नाही ओळखू आली, तर मी गेले.”

मी तिच्या चपला शोधायच्या निमित्ताने वाकले. मला जे माहीत होतं ते तोंडावर दिसलं असतं.

मुंगी म्हणजे काय ते सांगायला हवं.

पन्नास वर्षांपूर्वी मावशी रेडिओच्या बालविभागात लागली. पद ‘साहाय्यक’. कुणाची साहाय्यक ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, त्यामुळे तिने सगळ्यांनाच साहाय्य केलं. तेव्हा दर रविवारी सकाळी मुलांसाठी एक नाटक लागायचं. एक मुंगी भिंतीवरच्या घड्याळात शिरते आणि अडकते, तेरा भाग बाहेर यायची वाट शोधते. नाटक लिहिणाऱ्याने लिहून ठेवलं होतं, ‘घड्याळाच्या आतलं संगीत’, आणि तो मोकळा झाला. वादकांना विचारलं तर ते म्हणाले, घड्याळाच्या आत आम्ही कसे मावणार? साहेबांनी फाईल मावशीकडे सरकवली. तिला ना सूर लिहिता येत होते ना वाचता.

तळघरात दुरुस्तीखात्याचं एक यंत्र होतं. रेडिओचा मनोरा नीट चालतोय का ते तपासायला त्यातून एकच सूर सोडायचे. सरळ, कोरा, धुतलेल्या ताटासारखा सूर. बटण फिरवलं की वर जायचा, खाली यायचा. ते यंत्र मावशीने जेवणाच्या सुट्टीत उसनं घेतलं. सूर टेपवर घेतला. मग टेप ब्लेडने कापली, चिकटपट्टीने जोडली, पुन्हा कापली. काचेच्या पेल्यावर पेन्सिल मारून घेतली. कंगव्याचे दाते नखाने वाजवून घेतले, ती मुंगीची पावलं. हे सगळं तिने वितीने मोजलं. टेप एका सेकंदाला दोन विती धावायची. म्हणून मुंगीचं पाऊल चार बोटं, मोठ्या चाकाचा फेरा तीन विती, धापेला दोन बोटं. घरी जेवताना मध्येच ती ताटाशेजारी वीत टाकायची आणि म्हणायची, “एवढं फार होतं गं, मुंगी दमेल.” आम्हाला वाटायचं, हिला लागलंय काहीतरी.

शेवटच्या भागात मुंगी बाहेर येते. त्या तीन मिनिटांना तीनशे साठ विती लागल्या आणि दोनशे अकरा जोड. सुरुवातीला नुसता गोंगाट, शंभर चाकं दातांत दात घालून फिरतायत. मग एकेक चाक मागे पडतं. टिकटिक विरळ होते. पेल्याचे ठोके लांब जातात. शेवटी फक्त कंगव्याचे दाते उरतात, आणि ते थांबले की एकच सूर. उघड्या खिडकीसारखा. मी सात वर्षांची होते. तो सूर लागला तेव्हा मी रेडिओसमोर उठून उभी राहिले होते.

निवेदकाने शेवटी नावं वाचली. लेखकाचं वाचलं, मुंगीचा आवाज काढणाऱ्याचं वाचलं, साहेबांचं दोनदा वाचलं. संगीत? “विभागातर्फे.” मावशी म्हणाली, “मीच विभाग.” आणि भांडी घासायला बसली.

आता ‘शेपूट वर’ची गोष्ट, कारण सगळं तिथेच आहे. टेप वाजून संपली की ती दुसऱ्या चकतीवर गुंडाळली गेलेली असते, म्हणजे तिचा शेवट बाहेरच्या बाजूला येतो. तळघरातल्या लोकांची पद्धत अशी की ती तशीच ठेवायची. टेप तशी जास्त टिकते म्हणायचे. पुन्हा लावायच्या आधी आठवणीने उलटी गुंडाळून घ्यायची, नाहीतर शेवटापासून सुरुवातीकडे वाजेल. ती आठवण राहावी म्हणून डब्यावर दोन शब्द लिहायचे, ‘शेपूट वर’. म्हणजे, बाबांनो, आधी गुंडाळा. बाकी तळघरात दुसरं काही लिहायची पद्धत नव्हती. डब्यातलं काय आहे ते ज्याचं त्याला माहीत असायचं.

तर असा एक डबा मावशीच्या पलंगाखाली पन्नास वर्षं पडून होता. रेडिओने मावशीचा सत्कार ठरवला, त्यासाठी दोन महिन्यांपूर्वी तो एका प्राध्यापकांनी नेला.

प्राध्यापक चांगले पन्नाशीचे होते. ध्वनी आणि संस्कृती असं काहीतरी शिकवायचे. आले ते पायातले बूट दारात काढताना सुद्धा आवाज ऐकत असल्यासारखे डोळे मिटून उभे राहिले. मावशीला म्हणाले, “आजी, तुम्ही काळाच्या पुढे होतात.”

“मी कुणाची आजी नाही,” मावशी म्हणाली. तेव्हा तिचं जुनं यंत्र होतं, त्यामुळे उरलेलं तिला ऐकू आलं नाही. बरंच झालं.

दीड महिन्याने त्यांनी मला टेपचं नवं ध्वनिमुद्रण पाठवलं. सोबत छापायला गेलेली पुस्तिका. तिचं नाव, ‘शेपूट वर: एका विस्मृत रचनेचा शोध’. मला आधी वाटलं विनोद आहे. मग मी वाचलं. सदतीस तळटीपा होत्या. शेपूट हे उपेक्षितांचं प्रतीक होतं. ते वर होतं, म्हणजे ते घातलेलं नव्हतं, म्हणजे व्यवस्थेला दाखवलेलं होतं. एका साध्या कर्मचारी स्त्रीने बालनाट्याच्या आडून केलेला तो उठाव होता. आणि संगीताविषयी लिहिलं होतं, ‘येथे नाद आधी येतो आणि आघात नंतर. परिणामाच्या पोटातून कारण जन्म घेते. पेल्याचा ध्वनी शून्यातून फुगत येतो आणि ऐन शिखरावर त्याचा गळा घोटला जातो. जगात असं कोणी केलं नव्हतं.’

खरंच नव्हतं. मावशीनेसुद्धा केलं नव्हतं.

मी मुद्रण लावलं. आधी उघड्या खिडकीचा सूर. मग कंगव्याचे दाते. मग ‘टण्ण्’ ऐवजी ‘ण्णट्’, ‘ण्णट्’, कुणीतरी पेल्याचा आवाज परत पेल्यात गिळत असल्यासारखा. एकेक चाक येऊन लागत गेलं आणि शेवटी शंभर चाकांच्या जबड्यात सगळं गच्च. मुंगी बाहेर येत नव्हती. आत जात होती.

टेपवरून मुद्रण करणाऱ्या रेडिओच्या इंजिनिअरला मी फोन केला. टक्कल पडलेला, मुलीचं लग्न जवळ आलेला साधा माणूस.

“टेप उलटी लागलीय का हो?”

“हूं,” तो म्हणाला. “मला दुसऱ्याच दिवशी वाटलं होतं.”

“मग?”

“तोवर सरांनी ऐकून डोळे मिटले होते, बाई. अशा माणसाचे मिटलेले डोळे उघडायला कोण जाणार?”

मी रेडिओच्या संचालक मॅडमकडे गेले. त्यांच्या टेबलावर पुस्तिकांचे गठ्ठे आले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि मला पाणी दिलं. पाणी दिलं की समजावं, आता आपल्याला काहीतरी गिळायचंय.

“तुमचं बरोबर असेल. असणारच. पण आता छापून झालं, पाहुणे ठरले. कार्यक्रम होऊन जाऊ द्या. मग हळूच सुलटी करून टाकू. ऐकणाऱ्यांना काय कळतंय? आणि सरांचा विचार करा ना. सदतीस तळटीपा!”

“आणि मावशी?”

“त्यांचा तर सत्कारच आहे.” मग आवाज खाली आणून, फार प्रेमाने, “तसंही त्यांना आता ऐकू येत नाही ना?”

“फारसं नाही,” मी म्हटलं.

हे वाक्य मी म्हटलं. लोकांच्या शेपटांविषयी मी एवढं लिहितेय, तेव्हा माझं कुठे होतं तेही सांगते. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, ‘विशेष साहाय्य’ खाली माझं नाव होतं. मावशीची माहिती मी लिहून दिली होती ना. मी काही शिकलेली बाई नाही. जे वाचलं ते दळणाच्या रांगेत उभं राहून वाचलं, आणि माझं नाव छापलेलं त्याआधी फक्त विजेच्या बिलावर पाहिलं होतं. ते पान मी तीनदा उघडलं. एकदा लांब धरून, एकदा जवळ धरून, आणि एकदा उगाच.

आठ दिवसांनी मावशीचं नवं यंत्र आलं आणि तिला नळ ऐकू यायला लागला. तेव्हा मी सांगायला हवं होतं. रोज सकाळी सांगायला हवं होतं. रोज सकाळी मी म्हणायचे, कशाला तिचा सत्कार नासवा. आपल्या भित्रेपणाला मी तिच्या मायेचं पांघरूण घातलं होतं, आणि ते चांगलं ऊबदार होतं.

दुपारी तीनला आम्ही रेडिओच्या इमारतीत पोचलो. मोठा स्टुडिओच सभागृह केला होता. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, जमिनीला जाड गालिचा, पाऊल वाजत नाही अशी खोली. मावशी दारात थबकली. तिच्या वेळी तिला या खोलीत यायची परवानगी नव्हती, इथे वादक बसायचे.

समोरच्या भिंतीवर कापडी फलक होता. हातभर उंचीची अक्षरं. ‘शेपूट वर’.

मावशीने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि खुदकन हसली.

“बघ ढमे! भिंतीवर लिहून लावलंय. म्हणजे कुणी विसरायला नको. आमच्या वेळी डब्यावर लिहूनसुद्धा लोक विसरायचे. शिस्त आहे हो यांच्यात!”

तिला वाटलं ती सूचना आहे. मी “हो” म्हटलं. जीभ उचलून टाळ्याला लावायला काय लागतं?

पहिल्या रांगेत आधीच एक म्हातारबुवा बसले होते. हे मूळ नाटकातले मुंगी. चौऱ्याऐंशी वर्षांचे, गळ्याभोवती मफलर, अजून आवाज जपणारे. मावशी फलक बघण्यात गुंतली होती तेव्हा त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

“मघाशी तालीम ऐकली मी,” ते कुजबुजले. कुजबुज चौथ्या रांगेपर्यंत गेली. “काहीतरी गडबड वाटते. मी बाहेर यायचो ना शेवटी?”

“हो, काका.”

“आता आत जातोय.”

“हो.”

त्यांनी जरा विचार केला. “माझा आवाज आहे का त्यात?”

“नाही. नुसतं संगीत आहे.”

“मग जाऊ दे,” ते म्हणाले आणि मफलर नीट केला. “आपण कशाला बोला.”

म्हणजे आम्ही आता चार जण झालो होतो. चार शहाणी माणसं, चौघांच्या तोंडात मिठाची गुळणी, आणि मधोमध खुर्चीवर एक बाई, जिला आज आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते बघायचं होतं.

संचालक मॅडम बोलल्या. बालविभागाच्या उज्ज्वल परंपरेविषयी बोलल्या. तो विभाग त्यांनीच मागच्या वर्षी बंद केला होता. मग प्राध्यापक उठले. त्यांनी माइक हातात घेतला, तोंडाजवळ नेला, पुन्हा लांब नेला आणि मग गप्प उभे राहिले.

“ही शांतता ऐकलीत?” ते म्हणाले.

मागे कुणीतरी शिंकलं.

चाळीस मिनिटं ते शेपटाविषयी बोलले. मांजराचं शेपूट, माकडाचं शेपूट, माणसाने गमावलेलं शेपूट. ते म्हणाले, “कारणाच्या आधी परिणाम! आजींनी काळाचं कातडंच उलटं केलं!” लोकांनी माना हलवल्या. न कळलेल्या गोष्टीला मान हलवणं सगळ्यात सोपं, मानेला काही कळावं लागत नाही. ते म्हणाले, “मुंगी घड्याळात शिरते, कारण बाहेर स्वातंत्र्य नाहीच, हे त्यांना त्या वयात उमगलं होतं.” दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने डोळे टिपले. मी इंजिनिअरकडे पाहिलं. तो काचेपलीकडच्या खोलीत बटणांकडे इतकं निरखून बघत होता, जणू ती आजच उगवलीयत.

मावशी छान बसली होती. भाषण तिला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. बहुतेक तिने ते लक्ष देऊन ऐकलंच नाही. ती वाट बघत होती. खुर्चीच्या लाकडी हातावर तिने आधीच वीत टाकून ठेवली होती.

दिवे मंद केले. मुद्रण सुरू झालं.

मोठे स्पीकर चांगलेच होते. उघड्या खिडकीचा सूर आला तेव्हा, उलटा का असेना, माझ्या अंगावर काटा आला. मावशीचा हात हलला. अंगठा आणि करंगळी खुर्चीच्या हातावर चालायला लागले, एक वीत, दोन विती. मग हात थांबला. तिने मान तिरकी केली. तिने यंत्राला बोट लावलं, ते हळूच किंचाळलं, तिने बोट काढलं. पुन्हा वीत टाकली. ‘ण्णट्’. तिचं बोट चुकलं. तिने दुसऱ्या टोकाकडून मोजायला सुरुवात केली, करंगळीकडून अंगठ्याकडे, मागे मागे. मी बघत होते. हात उलटा चालवला की बरोबर जुळत होतं. प्रत्येक जोड, चार बोटं, दोन बोटं, तीन विती, सगळं जागच्या जागी येत होतं. पन्नास वर्षांनी तिला एकूण एक पाठ होतं.

आणि जसं जुळत गेलं तसा तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

मी तिच्या दंडाला हात लावला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी शंभर चाकं कडाडून बंद झाली. प्राध्यापक डोळे मिटून उभे होते. मग टाळ्या. लोक उभे राहिले. मुंगीकाका सगळ्यांच्या आधी उभे राहिले.

मॅडमनी मानपत्र दिलं, फुलं दिली, फोटो झाला. प्राध्यापक म्हणाले, “आजी, दोन शब्द!” आणि माइक तिच्यासमोर धरला. मी तिला सावरायला शेजारी उभी होते, फुलं माझ्याकडे होती.

“मला बोलता येत नाही,” मावशी म्हणाली. माइकमधून तिचा आवाज तिलाच मोठा आला आणि ती दचकली. “तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत. मी फार आशेने आले होते.”

“वा,” प्राध्यापक म्हणाले.

“मी घरून ठरवून आले होते, की माझं मला ओळखू येतंय का बघायचं. डॉक्टर म्हणाले होते, वरचा मजला तपासा.” कुणीतरी हसलं. तीही जराशी हसली. “ओळखू आलं. सगळं ओळखू आलं. पण उलटं.”

लोक अजून कौतुकाने माना हलवत होते. मॅडमची पर्स हातातून निसटली. त्या ती उचलायला वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

“मला सगळं उलटं ऐकू येतंय,” मावशी म्हणाली. “शेवट आधी, सुरुवात नंतर. आधी मला वाटलं, टेप गुंडाळायची राहिली असेल. आमच्याकडे व्हायचं असं. पण यांनी तर भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, शेपूट वर. म्हणजे यांना माहीत आहे. एवढी शिकलेली माणसं, एवढी यंत्रं, इतके दिवस ऐकतायत. यांचं कसं चुकेल?” तिने फलकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. “तेव्हा उलटी मीच झालेय. बरं झालं, आज कळलं. घरी बसून कळलं नसतं.”

“क्या बात है!” प्राध्यापक भारावून गेले. “‘उलटी मीच झालेय!’ अहो, हे तर…” त्यांनी खिशात पेन शोधलं. तिच्या डोळ्यांत पाणी आहे हे त्यांना तेव्हा कुठे दिसलं. मग ते अगदी मऊ झाले. पाठीवर थोपटत म्हणाले, “आजी, मनाला लावून घेऊ नका हं. या वयात होतं असं.”

मी मॅडमकडे पाहिलं. त्या पर्सची साखळी लावत होत्या. काचेपलीकडे इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मुंगीकाकांना खोकला आला. आवाज जपणाऱ्या माणसाला इतका खोकला बरा नव्हे.

“ढमे,” मावशी म्हणाली. तिने कानातलं यंत्र काढून माझ्या तळहातावर ठेवलं. “हे ठेव. आता काय करायचंय? आणि उद्या त्या डॉक्टरांची वेळ घे. कान नको म्हणावं, वरचंच बघा.” ती पायरी उतरायला निघाली. मानपत्र तिने उलटं धरलं होतं, अक्षरं खाली.

ते यंत्र माझ्या हातात कोमट होतं. बारीक आवाजात शिट्टी मारत होतं.

मी फुलं प्राध्यापकांच्या हातात दिली. देताना जरा जोरातच दिली असावीत, कारण त्यांच्या तोंडून अनवधानाने शुद्ध ‘आई गं’ निघालं. मावशीच्या दंडाला धरून मी तिला मागे वळवलं, केस बाजूला केले आणि यंत्र पुन्हा तिच्या कानात बसवायला लागले. ते किंचाळलं. माइक अजून चालूच होता, त्यामुळे ती शिट्टी चार स्पीकरमधून त्या पावलंही न वाजणाऱ्या खोलीत घुमली, आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी नीट ऐकलं. मागच्या रांगेत लोकांनी कानांवर हात ठेवले. मग यंत्र बसलं आणि एकदम गप्प झालं.

“काय गं?” मावशी म्हणाली.

“मावशी, तू सुलटी आहेस. टेप उलटी आहे. ‘शेपूट वर’ त्यांना नाव वाटलं गाण्याचं. इथे आम्हा चौघांना ते माहीत आहे, आणि मला पंधरा दिवसांपासून.”